सगळ्यात नवा कागद

मोखाड्याच्या ज्या कचेरीत तुळशीदास शिपाई होता, तिथं साहेब टिकत नसे. बदलीची ऑर्डर खिशात घालून घाट चढून आलेला साहेब पहिल्या दिवसापासून उतरायची वाट शोधायला लागे, आणि देव कनवाळू असल्यामुळे ती त्याला लवकरच सापडे. कारकून त्यातल्या त्यात जरा जास्त राहात. कायमचं म्हणाल तर तिघंच: भिंतीवरचं घड्याळ, जुन्या फायलींचं कपाट आणि तुळशीदास. घड्याळ बंद होतं आणि कपाटाला वाळवी लागली होती. चालू होता तो तुळशीदासच.

खोडाळ्याच्या बाजूला एका पाड्यावर त्याचं घर. खाली भाताची दोन खाचरं, वर उतारावर नागली आणि वरई. आश्रमशाळेत दहावी झालेला, त्या जोरावर शिपायाची नोकरी लागलेली. चहा नेणं, फाइल नेणं, साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल बदलणं ही कामं तो करीच, पण तालुक्यात त्याचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच कारणानं. कोणता जीआर जिवंत आहे आणि कोणता मेला, हे त्याला तोंडपाठ असे. पाड्यावरच्या लाडकी नावाच्या विधवेचं घरकुल एका कारकुनानं नियमावर बोट ठेवून नामंजूर केलं, तेव्हा चहाचा ट्रे हातात तसाच धरून तुळशीदास म्हणाला होता, "तो कागद मेला, साहेब. त्याच्यावर नवा आलाय." साहेबांनी बघितलं तर खरंच आला होता. लाडकीला घर मिळालं, आणि तेव्हापासून पार लांबच्या वावर गावाकडची माणसंसुद्धा आधी तुळशीदासला विचारून मग साहेबांकडे जायला लागली.

त्याचं शास्त्र अगदी सोपं होतं. कागदात काय लिहिलंय ते नंतर बघायचं, आधी तारीख बघायची. प्रत्येक जीआरच्या माथ्यावर 'वाचा' असं लिहून जुन्या आदेशांची यादी दिलेली असते आणि पुढं कुठंतरी 'यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत' असं एक वाक्य येतं. हे वाक्य तुळशीदासला फार आवडे. एका ओळीत सगळे जुने घोळ निकालात निघतात, याहून सुबक गोष्ट सरकारनं दुसरी केलेली नाही, असं त्याचं मत होतं. आयुष्यभर ते मत त्याच्या उपयोगी पडलं.

या माणसाला दुःख एकच होतं, त्याची मुलगी रविना. आश्रमशाळेत पोरांचं रक्त तपासलं तेव्हा तिला सिकलसेल निघाला. तुळशीदासच्या रक्तात अर्धा होता, बायकोच्या, हौशीच्या, रक्तात अर्धा होता. दोघांना आयुष्यात कधी काही झालं नाही आणि पोरीच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले. थंडी पडली की तिचे हातपाय, कंबर, छाती अशी ठणकायची की ती गोधडीचं टोक दातात धरून पडून राहायची. पुढं जव्हारच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी सुरू केली, रोज एक, न चुकता. त्यानंतरचे हिवाळे सरळ गेले. रविना बारावी झाली, जव्हारला बीएस्सीला गेली, तिथंच मुलींच्या वसतिगृहात राहायला लागली. तुळशीदास महिन्याच्या महिन्याला दवाखान्यातून गोळ्या घेई आणि वसतिगृहाच्या फाटकावर तिच्या हातात देई.

हे सगळं त्या गोळीनं झालं हे त्याला पक्कं माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही त्याला मूर्ख म्हणाल. तो मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर त्यानं एवढं वाचलंच नसतं.

वाचनाचं खूळ शिरलं ते जव्हारला भरलेल्या शिबिरात. मुंबईचे एक मोठे डॉक्टर आले होते. ते भाषणात म्हणाले की घाबरू नका, या आजारावर जगभर संशोधन चालू आहे, रोज नवे पेपर येतायत. मंडपातल्या बाकीच्या आईबापांनी ते धीराचं बोलणं म्हणून ऐकलं आणि नाश्त्याच्या रांगेत गेले. तुळशीदास जागचा हलला नाही. रोज नवे कागद येतायत आणि आपण एकही वाचलेला नाही, या विचारानं त्याला दरदरून घाम फुटला.

मग रविनाकडून त्यानं फोनमध्ये तशी सोय करून घेतली. आजाराचं नाव घातलं की त्यावर नवा पेपर निघाल्याबरोबर ईमेल येई. पाड्यावर रेंज नव्हती, त्यामुळे सकाळी कचेरीत पाय टाकला की फोन खिशात थरथरायला लागे. दुपारच्या सुट्टीत भाकर सोडायच्या आधी तुळशीदास पेपर सोडायला बसे. इंग्रजी त्याला यथातथाच, म्हणून फोनलाच मराठी करायला सांगे. फोन मराठी करून देई, पण ती मराठी कोणत्या मुलुखातली ते काही कळत नसे. सिकलसेलचं त्यानं 'विळा पेशी' केलं, तेव्हा तुळशीदास बराच वेळ नागली कापायच्या विळ्याकडे मन नेऊन बसला होता.

पहिल्या महिन्यातच तो चक्रावून गेला. एक पेपर म्हणे गोळी उत्तम. दुसरा म्हणे उत्तम, पण सगळ्यांना नाही. तिसऱ्यात गोळीचं नावच नाही, सगळं उंदरांबद्दल. उंदरांना सिकलसेल कसा झाला आणि त्यांचं रक्त कुणी तपासलं, हा प्रश्न त्याला दोन दिवस पुरला. वरचा एक परिच्छेद फुकट आणि खालच्या सगळ्याला कुलूप, हेही त्याला पटेना. सरकार एवढं चिकट, पण जीआर फुकट देतं, आणि हे एवढे शिकलेले लोक औषधाचा कागद कुलपात ठेवतात. एका पेपरात पालघर हे नाव दिसलं तेव्हा मात्र तो उठून उभाच राहिला. आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णांचा आकडा दिला होता. त्या आकड्यात आपली पोर धरली आहे की नाही, हे त्याला काही केल्या कळेना. रक्त तर तिचं तेव्हा घेतलं होतं. नाव कुणाचंच नव्हतं.

आणि जवळजवळ प्रत्येक पेपराच्या शेवटी एकच वाक्य येई: यावर अधिक संशोधनाची गरज आहे. हे वाक्य तुळशीदासला ओळखीचं वाटलं. कचेरीतल्या फायलीवरही कोणी निर्णय घेत नाही, 'अभिप्रायासाठी सादर' असं लिहून पुढं ढकलतात.

एकदा गोळ्या आणायला गेल्यावर त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारून बघितलं. बाहेर रांग लागलेली, आत एक पोर रडत असलेलं. त्या म्हणाल्या, काका, ते सगळं वाचत बसू नका, गोळी चालू ठेवा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तुळशीदासनं त्या बोलण्याचा अर्थ आपल्या कचेरीच्या हिशेबानं लावला. साहेबलोकांपर्यंत नवा कागद उशिरा पोचतो, हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं होतं. मेलेल्या आदेशावर महिनोन्‌महिने सह्या करणारे साहेब त्याला चांगले ठाऊक होते. बाईंवर तो रागावला नाही, त्याला त्यांची कीवच आली.

भात झोडून झालं होतं आणि पाड्यावर सकाळी धुकं पडायला लागलं होतं, तेव्हा तो पेपर आला. त्याला कुलूप नव्हतं, अख्खा उघडा होता. पण तुळशीदासनं सवयीप्रमाणे तारीख बघितली, ती त्याच आठवड्यातली होती. मग वरचा परिच्छेद मराठीत करून घेतला. त्यात म्हटलं होतं की ही गोळी दीर्घकाळ दिल्यास अंडाशयावर परिणाम होण्याची शक्यता आहे. मग त्यानं थेट शेवट बघितला. शेवटी जुन्या पेपरांची लांबच लांब यादी होती, पानंच्या पानं. ती यादी काय आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जीआरला ती माथ्यावर असते आणि यांच्यात पायाशी, एवढाच फरक. ज्यांच्या जोरावर रविनाला गोळी चालू होती ते सगळे कागद त्या यादीत पडले होते. म्हणजे ते मेले.

घरी जाऊन हौशीला सांगताना त्याला तो शब्द उच्चारवेना. पोरं व्हायला अडचण येते म्हणतात, एवढंच तो म्हणाला. हौशी भाकर थापत होती. आधीच रविनाला आजार आहे म्हणून सोयरीक जुळायला जड जाणार हे तिला कळत होतं, त्यात हे ऐकल्यावर तिनं एका क्षणात निकाल दिला की सोडा मग ती गोळी. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आईचं काळीज तसंच बोलतं. तुळशीदास मात्र रात्रभर कूस बदलत राहिला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो जीपनं जव्हारला गेला. वसतिगृहाच्या फाटकावर रविनाला बोलावून घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं तिथंच उभ्यानं वाचायला सुरुवात केली. बराच वेळ वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं की बंद करू का. नवा आहे, तुळशीदास म्हणाला. रविनानं मान डोलावली. त्या महिन्याच्या गोळ्या त्यानं दवाखान्यातून घेतल्याच नाहीत.

आता घोळ संपायला हवा होता, तर तो वाढला. पुढच्याच आठवड्यात एक पेपर आला, तो म्हणत होता की अंडाशयावर तसा परिणाम आढळला नाही. तुळशीदासनं तारीख बघितली. हा त्याच्याही नंतरचा. म्हणजे गोळी पुन्हा सुरू? तो फोन करायला गेला आणि थबकला. पोरीला आज बंद, उद्या सुरू, परवा पुन्हा बंद, असं सांगणाऱ्या बापाला काय किंमत राहील? दोन-चार दिवस वाट बघू म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या दोन-चार दिवसांत तिसरा आला. तो म्हणत होता की असल्या अभ्यासांत आजवर माणसं थोडीच घेतलेली आहेत. चौथ्याचं मराठी फोननं असं केलं होतं की त्याला डोकं आणि शेपूट दोन्ही नव्हती. एक ना धड भाराभर चिंध्या, असं तुळशीदासचं झालं.

मग एका दुपारी ईमेलवर शुद्धिपत्रक आलं. तुळशीदासच्या जिवात जीव आला. कचेरीत चुकीचा जीआर निघाला की मागून शुद्धिपत्रक येतं आणि सगळं ठाकठीक होतं. हे त्याच पेपराचं शुद्धिपत्रक होतं, ज्यावरून त्यानं गोळी बंद केली होती. भाकर बाजूला ठेवून त्यानं ते एकेक शब्द लावून वाचलं. एका संशोधकाच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त केलं होतं. बाकी काही नव्हतं. तो बंद पडलेल्या घड्याळाकडे बघत बसून राहिला, आणि साहेबांनी दोनदा बेल वाजवली तरी त्याला ऐकू आली नाही.

त्या वर्षी जव्हारला थंडी कडक पडली. शिरपामाळावर फिरायला आलेली शहरातली माणसं शाली गुंडाळून फोटो काढत होती. एका सकाळी वसतिगृहाच्या बाईंचा कचेरीत फोन आला की रविनाला दवाखान्यात हलवलंय, लवकर या. तुळशीदासनं माणूस पाठवून हौशीला पाड्यावरून बोलावून घेतलं आणि जी पहिली जीप दिसली तिच्यात दोघं चढली. घाटाच्या वळणांवर हौशी त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

रविना खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. हाताला सलाईन, ओठ दातात धरलेला. हौशी तिच्या पायांना हात लावायला गेली तर ती कळवळली, म्हणून हौशीनं हात मागं घेतले आणि पदरात गुंडाळून ठेवले. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

"मी," तुळशीदास म्हणाला. त्यानं फोन काढून पुढं केला. "नवा कागद आलाय, मॅडम. तुमच्यापत्तोर आला नसंल."

बाईंनी उभ्या उभ्या वाचला. आता त्या ओरडतील म्हणून तुळशीदासनं मान खाली घातली. त्या ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं, साहेबांचं ओरडणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण त्या स्टूल ओढून खाली बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. एका पेपरानं दुसरा मरत नाही, त्या म्हणाल्या. सगळेच राहतात. कुणाचं वजन जास्त, कुणाचं कमी. शेवटची यादी रद्द केलेल्यांची नसते, ज्यांचा आधार घेतला त्यांची असते. सगळे मिळून तोलून बघायला वर्षं जातात, आणि ही गोळी तशी वर्षानुवर्षं तोलून झालेली आहे. त्यातनं काही शंका असली तर मला विचारायचं होतं, काका, मूल हवं असेल त्या वेळी काय करायचं ते आपण बोललो असतो.

तुळशीदासनं सगळं ऐकलं. त्याला त्यातलं एकच विचारायचं होतं.

"मंग आजच्या घडीला लागू कोणता हाय?"

"लागू असं त्यात नसतं, काका."

"पन तुम्ही तर समदे वाचले असतील."

बाई थकल्यासारख्या हसल्या. नाही, त्या म्हणाल्या, मला कुठं वेळ होतो. माझ्याही फोनमध्ये शेकड्यानं पडलेत, न उघडलेले. कुणालाच सगळे वाचणं होत नाही. उद्यापासून गोळी पुन्हा सुरू करू असं सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

तुळशीदास कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसला.  जिथं एकही कागद मरत नाही, जिथं साहेबांनीसुद्धा सगळे वाचलेले नसतात आणि तरी रोज औषध दिलं जातं आणि माणसं बरी होतात, असली कचेरी त्याला समजावून घेता येईना. एवढी वर्षं तालुक्याला त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, हा जिवंत, तो मेला. लोकांची घरं झाली, पेन्शनी सुरू झाल्या. तेच शास्त्र त्यानं आपल्या पोरीला लावलं आणि ती आत गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. चूक नेमकी कुठं झाली ते तो शोधत होता. तारीख त्यानं बरोबर बघितली होती. वाचलंही होतं मन लावून. मग चूक कुठं झाली? आणि आता यापुढं खरं काय ते कुणाला विचारायचं? त्याला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. 

तिसऱ्या दिवशी रविनाचा ठणका उतरला. ती उशीला टेकून बसली, हौशीनं तिला नागलीची आंबील पाजली आणि भांडं विसळायला बाहेर नळावर गेली. नर्स येऊन गोळी ठेवून गेली. रविनानं ती तळहातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही. बापाकडे बघत राहिली.

"घे," तुळशीदास म्हणाला. मग राहवेना म्हणून म्हणाला, "तो कागद खोटा नव्हता, पोरी. पन मना नाय कळला."

"तो मी तवाच वाचला होता, बाबा," रविना म्हणाली. "फाटकावर. समदा. उंदरांवरचा होता तो. आन खाली लिहलं बी होतं, येवढ्यावरनं मानसांची गोळी बंद करू नका म्हणून."

 बीएस्सीला असलेली पोर, इंग्रजी येतं, उभ्यानं सगळा पेपर वाचलेला, आणि मान डोलावून आत गेलेली.

"मंग बोलली का नाय?"

रविना तळहातावरच्या गोळीकडे बघत होती. "मना वाटलं," ती म्हणाली, "तुमच्याकडं त्याच्या नंतरचा असंल."

तेव्हा त्याच्याकडे नंतरचा काहीच नव्हता. तसं त्यानं तिला सांगितलं, आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.